मनोऱ्याचा पत्ता

किंग्ज डेच्या आदल्या संध्याकाळी युट्रेख्टच्या रस्त्यांवर जुन्या सामानाचा बाजार भरतो, हे आपल्या मंडळींना ठाऊक आहेच. अशाच एका बाजारात माझ्या मुलीने एक युरो देऊन टॅरोच्या पत्त्यांचा जुना कॅट घेतला. सगळ्यात वर होता सोळाव्या क्रमांकाचा पत्ता, 'मनोरा'. काळ्या आभाळातून वीज कोसळली आहे, मनोऱ्याचा मुकुट उडाला आहे आणि दोन माणसे खाली डोके वर पाय अशी पडत आहेत. "बाबा, हा आपला डोम का?" तिने विचारले. मी हसलो खरा, पण प्रश्न मनातून जाईना.

भविष्य सांगणारे या पत्त्याचा अर्थ लावतात तो असा : अहंकाराचा पाडाव, दैवी शिक्षा, अकस्मात आलेले संकट. वास्तविक टॅरो हा पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळला जाणारा पत्त्यांचा डाव. आपल्या सावंतवाडीच्या गंजिफ्यावर दशावतार असतात, म्हणून कोणी त्यावरून भविष्य पाहत नाही, तसेच हे. इटलीत या पत्त्याला 'आग' किंवा 'वीज' अशी साधी नावे होती. १७८१ साली पॅरिसच्या कूर द जेबलँ यांनी हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तचे गूढ ज्ञान असल्याचे जाहीर केले. त्या वेळी इजिप्तची चित्रलिपी कोणालाच वाचता येत नव्हती! आज सर्वत्र दिसणारे चित्र तर १९०९ सालचे. लंडनमध्ये ए. ई. वेट यांच्या सांगण्यावरून पामेला कोलमन स्मिथ यांनी ते काढले.

आता आपला डोम. १३२१ ते १३८२ या काळात बांधलेला हा मनोरा ११२ मीटर उंच आहे. १ ऑगस्ट १६७४ च्या संध्याकाळी युट्रेख्टवर भयंकर वादळ आले. पत्त्याच्या न्यायाने कोसळायला हवा होता तो हा उंच, गर्विष्ठ मनोरा. पण तो जागचा हलला नाही. कोसळला तो त्याच्या पायाशी असलेला चर्चचा सभामंडप, जिथे माणसे डोके टेकवत. ढिगारा १८२६ पर्यंत तिथेच पडून होता. मनोरा आणि चर्च यांच्यामध्ये आज जो मोकळा चौक आहे, तीच त्या मंडपाची जागा. फरसबंदीत त्याच्या खुणा दाखवल्या आहेत.

कारण काय? पैसा संपला होता. मंडपाचे काम अर्धवटच राहिले होते. वर दगडी घुमट नाही आणि उंच भिंतींना बाहेरून आधार देणाऱ्या कमानीही नाहीत. दीडशे वर्षे निभावले, एका संध्याकाळी निभावले नाही.

वाचकहो, हे लिहिताना मला ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवते. मी सोलापुरात शाळेत होतो. गणपती विसर्जन करून दमून झोपलो होतो. चारच्या सुमारास भांडी खडखडली. किल्लारीच्या बातम्या येऊ लागल्या तशी आजी म्हणाली, "पाप फार झालं रे." तेरा वर्षांचा मी ते मुकाट्याने ऐकले. पुढे इंजिनिअरिंग शिकताना कळले, की मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचे जड माळवद यांनी झोपेतच माणसे गाडली. त्यांचे पाप कसले? उन्हापासून वाचायचे आणि हाताशी असेल त्या दगडमातीत घर बांधायचे, एवढेच त्यांनी केले होते.

आजीला मी दोष देत नाही. एवढ्या दुःखाला काहीतरी अर्थ असलाच पाहिजे, असे माणसाला वाटते. पण पाप म्हटले की मेलेल्यांवर ठपका येतो. भिंत म्हटले की पुढची भिंत नीट बांधता येते.

उभा मनोराही आपोआप उभा राहत नाही. २०१९ साली सुरू झालेल्या दुरुस्तीत तो कित्येक वर्षे परांच्यांनी वेढलेला होता. २०२४ मध्ये ते काम संपले. तेव्हा मुलीला मी एवढेच सांगितले, "डोम पडला नाही गं, मंडप पडला." तिने लगेच विचारले, "का पडला?"

मला हाच प्रश्न हवा होता. आम्ही चौकात जाऊन फरसबंदीवरच्या खुणा मोजल्या.