काळ्या मातीतील जीप : रुतणे, ओढणे आणि देखभाल

कोपरगाव तालुक्यात जीपगाडी वापरणाऱ्याला तासाभराच्या अंतरात दोन टोकांचे रस्ते भेटतात. एकीकडे गोदावरी कालव्यांच्या चाऱ्यांलगतचे आणि उसाच्या शेतांमधून वस्त्यांकडे जाणारे काळ्या मातीचे शेतरस्ते. दुसरीकडे समृद्धी महामार्ग. या महामार्गाच्या नागपूर ते शिर्डी या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि शिर्डीसाठी उतरण्याची सोय कोपरगाव तालुक्याच्या हद्दीत आली. मोटारींना ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा असलेला सिमेंटचा सरळ रस्ता आणि चाकोरीत कमरेइतका चिखल साठणारा पाणंद रस्ता, अशी ही गाठ आहे. पहिल्या रस्त्यासाठी गाडी जशी सज्ज असावी लागते, त्याच्या बरोबर उलट सज्जता दुसऱ्यासाठी लागते. अपघात आणि अडचणी बहुतेक वेळा या दोहोंच्या सांध्यावर घडतात.

जीप या वाहनाशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. पुढे याच कंपनीच्या बोलेरो (२०००), स्कॉर्पिओ (२००२) आणि थार (२०१०) या गाड्या नाशिकच्या कारखान्यातून बाहेर पडू लागल्या. त्यामुळे नाशिक आणि नगर जिल्ह्यांत या गाड्यांचे सुटे भाग व त्यांची नस ओळखणारे मिस्त्री सहज आढळतात. मात्र जीपसारखी दिसणारी प्रत्येक गाडी चारही चाकांनी ओढत नाही. रस्त्यावर दिसणाऱ्या बहुसंख्य बोलेरो केवळ मागील चाकांवर चालतात, आणि जानेवारी २०२३ पासून थारही तशा स्वरूपात मिळू लागली. आपल्या गाडीत 'फोर बाय फोर'चा वेगळा दांडा किंवा बटण आहे की नाही, हे चिखलात उतरल्यावर पाहण्याची गोष्ट नव्हे.

काळ्या मातीचा स्वभाव

खडकाळ किंवा मुरमाड डोंगररस्त्यावर तयार झालेला चालक काळ्या रानात हमखास फसतो. अकोले तालुक्यातील भंडारदरा किंवा हरिश्चंद्रगडाच्या बाजूला पाऊस अधिक पडतो, पण चाकाखाली दगड असतो आणि दगड चाकाला धरून ठेवतो. कोपरगावचा पट्टा पर्जन्यछायेचा. पाऊस कमी, पण माती पाणी पिऊन फुगणारी. उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात आणि पहिल्या दमदार सरीनंतर ती लोण्यासारखी होते. टायरच्या खाचा काही मीटरमध्येच भरतात आणि खाचांचा टायर गुळगुळीत टायरसारखा वागू लागतो. शिवाय येथे चिखलासाठी पावसाचीच गरज नसते. कालव्याला आवर्तन सुटले की भर एप्रिलमध्येही चारीलगतचा रस्ता पाझराने ओला होतो. वरून कोरडी खपली आणि खाली दलदल, अशी ती फसवी अवस्था असते. अनोळखी रस्त्यावर चारी वाहत असल्यास उतरून टाचेने जमीन दाबून पाहावी. टाच रुतत असेल तर दोन टनांची गाडी काय करील, हे सांगावयास नको.

अशा रस्त्यात शिरण्यापूर्वीच फोर-लो टाकावा. तो बहुतेक गाड्यांत गाडी उभी करून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून टाकावा लागतो. फोर-हाय मात्र अनेक गाड्यांत कमी वेगात चालता चालता पडतो. चिखलात चाकांना संथ व अखंड गती हवी असते. मध्येच थांबणे, क्लच दाबणे किंवा गिअर बदलणे म्हणजे मिळालेली चाल गमावणे. कोरड्या डांबरावर किंवा सिमेंटवर येताच फोर बाय फोर काढणेही तितकेच आवश्यक आहे. ज्या गाड्यांत पुढच्या व मागच्या धुऱ्यांमध्ये मधला डिफरन्शियल नसतो, त्यांची चाके वळणावर एकमेकांशी झगडतात आणि तो ताण ट्रान्सफर केस व शाफ्टवर येतो. स्टिअरिंग जड होणे आणि वळताना गाडी अडखळणे ही त्याची खूण.

रुतल्यावरचा पहिला मिनिट

चाक जागच्या जागी फिरू लागताच पाय उचलावा. बहुतेक गाड्या पहिल्या मिनिटात रुततात त्या चिखलामुळे कमी आणि चालकाच्या जिद्दीमुळे अधिक. फिरणारे चाक स्वतःसाठी खड्डा खणते. काही क्षणांत मागचे हाऊसिंग दोन चाकोऱ्यांमधल्या उंचवट्यावर टेकते आणि मग चारही चाकांना ताकद असूनही गाडी लटकलेली राहते. आत आलो त्याच चाकोरीतून हळूच मागे जाण्याचा एक प्रयत्न करावा. तो फसला तर फावडे काढावे. पोटाखालचा उंचवटा आधी मोकळा करावा, नंतर चाकांच्या पुढची माती उतरती करावी आणि चाकाखाली मुरूम, विटांचे तुकडे, ओली गोणपाटे किंवा फळ्या घालाव्यात. बांधावरची बाभूळ हाताशी असते म्हणून तिच्या फांद्या चाकाखाली घालणारे पुढच्या दोन दिवसांत पंक्चरवाल्याकडे दिसतात.

टायरमधील हवा कमी करणे हा सर्वांत परिणामकारक आणि सर्वांत धोकादायक उपाय आहे. नेहमीच्या दाबाच्या साधारण दोन तृतीयांशांपर्यंत हवा उतरवली की टायर जमिनीवर पसरतो आणि मातीवर तरंगल्यासारखा चालतो. पण ही गाडी नंतर ताशी ३० किलोमीटरच्या पुढे नेऊ नये आणि चुकूनही तशीच महामार्गावर चढवू नये. कमी हवेच्या टायरची भिंत प्रत्येक फेऱ्यात दुमडते, तापते आणि तासाभराच्या वेगवान प्रवासात फुटते. जवळ बॅटरीवर चालणारा हवेचा पंप व दाबमापक नसेल तर हवा उतरवूच नये. याच जातीचा दुसरा विसर म्हणजे रिमच्या आतल्या बाजूला वाळलेला चिखल. तो चाकाचा तोल बिघडवतो आणि ८० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरू लागते. गॅरेजवाला बॅलन्सिंग करून देतो, खरे तर पाण्याचा फवारा पुरला असता.

ट्रॅक्टर येतो तेव्हा

या भागात रुतलेल्या गाडीचा तारणहार ट्रॅक्टर असतो, आणि ट्रॅक्टरसोबत साखळी येते. साखळीने झटका देऊन ओढणे ही ग्रामीण महाराष्ट्रातील अत्यंत रुळलेली आणि जिवावर बेतणारी पद्धत आहे. साखळी ताणत नाही, ती तुटते. तुटलेली कडी किंवा उपटलेला हूक गोळीसारखा सुटतो. ओढण्यासाठी भक्कम पट्टा किंवा जाड नायलॉनचा दोर वापरावा, तो चासीला जोडलेल्या हुकातच अडकवावा; बंपर, पाटे किंवा ट्रॉलीच्या जोडणीचा गोळा यांना अडकवू नये. दोराच्या मध्यावर भिजलेले पोते टाकावे, म्हणजे दोर तुटला तरी तो जमिनीकडे बसतो. ट्रॅक्टरने आधी दोर हळूहळू ताणून घ्यावा आणि मगच ओढावे. दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरात कोणी उभे राहू नये. येथेच अडचण असते, कारण बघ्यांची गर्दी दोराच्या अगदी कडेला जमते. सूचना एकाच माणसाने द्याव्यात. चिखलातून सुटका झाल्यावर गाडी टोचन करून गावापर्यंत न्यायची असेल, तर ऑटोमॅटिक गिअरच्या किंवा चारही चाकांना गती देणाऱ्या गाडीचे माहितीपुस्तक आधी पाहावे. कित्येक गाड्या चाके जमिनीवर ठेवून ओढण्यास मनाई असते.

पाणी

फरशी पुलावरून पाणी वाहत असताना पुलाची कड दिसत नसेल, तर गाडी कोणतीही असो, थांबणे हाच उपाय. २०२० च्या थारसाठी कंपनीने ६५० मिलिमीटर खोलीची मर्यादा दिली आहे. ती संथ पाण्यासाठी आहे. वाहते पाणी गाडीच्या रुंद बाजूवर दाब देते आणि त्याहून बऱ्याच कमी खोलीतही चाके सरकवते. पाण्यात इंजिन बंद पडले तर किल्ली पुन्हा फिरवू नये. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही आणि पिस्टनचे दांडे वाकतात. अनेक सर्वसाधारण विमा पॉलिसींमध्ये, इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घेतलेली नसेल, तर हे नुकसान भरून मिळत नाही. पाणी ओलांडून आल्यावर ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून वाळवावेत. गरम हाऊसिंग थंड पाण्यात बुडाले की हवेच्या नळीतून पाणी आत ओढले जाते. म्हणून दुसऱ्या दिवशी डिफरन्शियल व ट्रान्सफर केसचे ऑईल तपासावे. ते ताकासारखे पांढुरके दिसल्यास लगेच बदलावे.

गळिताचा हंगाम

कोळपेवाडी, सहजानंदनगर परिसरातील कारखान्यांची धुराडी पेटली की रस्त्यांचे स्वरूप पालटते. दिवाळीच्या सुमारास सुरू होणाऱ्या हंगामात बैलगाड्या आणि दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रंदिवस धावतात. त्यांच्या मागे लाल परावर्तक लावण्याच्या मोहिमा दरवर्षी होतात, पण उसाच्या शेंड्यांनी परावर्तक झाकला गेला की ट्रॉली अंधारात भिंतीसारखी उभी असते. उतारावर पंक्चर होऊन रस्त्यातच थांबलेली ट्रॉली तर अधिक घातक.

जीपला या हंगामात आणखी एक धोका आहे, ज्याची फारशी चर्चा होत नाही. तोडणी झालेल्या शेतातून गाडी गेली की पाचट शाफ्टभोवती गुंडाळले जाते आणि सायलेन्सरच्या वर, संरक्षक पत्र्याच्या आत अडकते. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांमध्ये धुराची काजळी जाळून टाकणारा फिल्टर असतो. त्याची स्वच्छता चालू असताना तो भाग प्रचंड तापतो. अशा वेळी वाळलेल्या पाचटावर गाडी उभी करणे म्हणजे आगीला निमंत्रण. शेतातून बाहेर पडताच गाडीखाली वाकून पाहावे आणि अडकलेले पाचट गाडी थंड झाल्यावर कोयत्याने कापून काढावे.

याच काळातील भुसा आणि धूळ रेडिएटरच्या जाळीत बसते. समोरून जाळी स्वच्छ दिसते, पण एसीच्या जाळीच्या व रेडिएटरच्या मधली फट भरलेली असते. इंजिन तापल्याचा काटा वर चढला तर एसी बंद करून हीटर पूर्ण चालू करावा, गाडी बाजूला घ्यावी आणि टाकीचे झाकण अर्धा तास तरी उघडू नये. जाळी धुताना पाण्याचा जोर इंजिनच्या बाजूने पुढे द्यावा.

नेमाची देखभाल

कंपनीचे सर्व्हिसचे वेळापत्रक डांबरी रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी लिहिलेले असते. धूळ, चिखल आणि ओझे यांसाठी माहितीपुस्तकात बहुधा वेगळा तक्ता असतो. या भागातील गाड्यांना तोच लागू धरावा. एअर फिल्टर हंगामात दर महिन्याला उघडून पाहावा. डिझेल फिल्टरमधील पाणी वेळच्या वेळी सोडावे. हातपंप असलेल्या जुन्या गाड्यांत टाकी पूर्ण रिकामी झाल्यास नव्याने डिझेल भरून तो पंप घट्ट होईपर्यंत दाबावा लागतो, अन्यथा हवा धरलेली गाडी स्टार्ट होत नाही आणि बॅटरीही जाते. पाट्यांच्या जुन्या जीपना शाफ्टच्या क्रॉसमध्ये आणि पाट्यांच्या पिनांमध्ये चिखलाच्या प्रत्येक फेरीनंतर ग्रीस भरावे, नवीन ग्रीस बाहेर डोकावेपर्यंत. नव्या गाड्यांच्या पुढच्या चाकांजवळील रबरी बूट फाटला आहे का, एवढे पाहिले तरी मोठा खर्च वाचतो. वर्षभर न वापरलेला फोर बाय फोरचा दांडा नेमका गरजेच्या वेळी अडकतो; महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर तो टाकून काही अंतर गाडी चालवावी.

टायरच्या भिंतीवर चार आकडे कोरलेले असतात. '२३१९' म्हणजे २०१९ सालातील तेविसावा आठवडा. खाचा शिल्लक आहेत म्हणून आठ-दहा वर्षांची स्टेपनी महामार्गावर लावणे धोक्याचे आहे. हवा नेहमी टायर थंड असताना तपासावी. चाक बदलल्यावर नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना लावावा. मऊ जमिनीवर जॅकखाली जाड फळी नसेल तर गाडी वर जाण्याऐवजी जॅक खाली जातो.

महामार्गावर टायर फुटल्यास ब्रेक दाबू नये. स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरून पाय उचलावा आणि वेग आपोआप उतरू द्यावा. उंच गाडी उलटते ती बहुधा घाबरून मारलेल्या वळणामुळे. गाडी डाव्या कडेला घेऊन सर्वांनी उतरावे आणि लोखंडी कठड्याच्या पलीकडे उभे राहावे. परावर्तक त्रिकोण गाडीला चिकटून ठेवण्यात अर्थ नाही. वेगवान मार्गावर तो किमान शंभर पावले मागे असावा. उजव्या बाजूचे, म्हणजे वाहतुकीकडील चाक तेथेच बदलण्याचा हट्ट धरू नये. नगर-मनमाड रस्त्यावर रात्री उभे राहावे लागल्यास शिर्डीकडे पायी निघालेल्या साईभक्तांच्या पालख्यांचेही भान ठेवावे लागते. कडेची जागा तेही वापरत असतात.

तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक सर्वत्र चालतात. १०३३ हा क्रमांक राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे. समृद्धी महामार्ग राज्य रस्ते विकास महामंडळाचा असल्याने त्याची मदतसेवा स्वतंत्र आहे. तिचा क्रमांक मार्गावरील फलकावरून प्रवासाच्या आरंभीच टिपून घ्यावा आणि कडेच्या दगडांवरील किलोमीटरचा आकडा अधूनमधून पाहत जावा, कारण मदत केंद्राला पहिला प्रश्न तोच विचारायचा असतो.