तेल गेलं कुठं?

आमच्या तासगाव भागात दुधाचा धंदा वाढला तो राजदूतच्या पाठीवर, असं म्हटलं तर जुनी माणसं हरकत घेणार नाहीत. पोलंडच्या एसएचएल गाडीवरून एस्कॉर्ट्स कंपनीनं 1962 च्या सुमारास ही गाडी आपल्याकडं आणली. 173 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, एकच सिलिंडर. दोन्ही अंगाला किटल्या अडकवल्या तरी कुरकुर नाही. ऑईल पेट्रोलमध्येच मिसळायचं. आमचे तात्या ते मापानं ओतायचे आणि वर चार थेंब 'असू द्या' म्हणून.

एका वर्षी पावसाळा सरता सरता तात्यांची गाडी दमायला लागली. चढाला ओढ नाही, मागं पांढऱ्या धुराचा लोट, प्लग दर दोन दिवसांनी तेलानं ओला. दोनदा दूध वाटेतच नासलं. म्हशीचं कर्ज त्या दुधातनंच फिटायचं, त्यामुळं घरात कुणी मोठ्यानं बोलेना.

गावात प्रत्येकजण डॉक्टर! प्लग पॉलिश पेपरनं घासला, कार्ब्युरेटरचं जेट फुंकलं. सायलेन्सरची नळी जाळात घालून काजळी पाडली. ते काम खरं तर गरजेचंच, नळी चोंदली की टू-स्ट्रोकचा श्वास कोंडतो. पण धूर तसाच. एका गॅरेजवाल्यानं बोअर करायला सांगितलं. म्हणजे पंधरवड्याचं दूध गेलं.

शेवटी पेठेतल्या म्हाताऱ्या मिस्त्रींकडं गेलो. त्यांनी इंजिनला हातच लावला नाही. आधी गिअर ऑईल बघितलं. निम्मं कमी!

"तात्या, खाली सांडतंय का?"

"न्हाई बा. वट्टा कोरडा असतोय."

"मग तेल गेलं कुठं?"

टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आधी खाली क्रँककेसमध्ये येतं, तिथनं वर ढकललं जातं. म्हणून ती पेटी हवाबंद लागते. क्लचच्या बाजूचं रबरी सील कडक झालं की इंजिन गिअर ऑईल ओढून जाळतं. मॅग्नेटच्या बाजूचं गेलं तर उलटं होतं: हवा शिरते, प्लग पांढरा पडतो, गाडी आपोआप रेस होते आणि एक दिवस पिस्टन जाम.

सील बदललं, संध्याकाळची पाळी वेळेत पोचली. बोअरचे पैसे म्हशीच्या हप्त्याला गेले.

2000 साली धुराचे नियम कडक झाले आणि टू-स्ट्रोक मोटारसायकली हळूहळू हटल्या. आता दूध फोर-स्ट्रोकवर जातं. तिथं धूर दिसला, की पिस्टनच्या रिंगा नाहीतर व्हॉल्व्हची सीलं बघायची.