मुंबईतील पोटभाडेकरू आणि भाडेनियंत्रणाचा कायदा : एका सामायिक खोलीचा इतिहास

प्रस्तावना :

मुंबईच्या सामाजिक इतिहासात गिरणी, चाळ आणि खानावळ यांचा उल्लेख आवर्जून होतो. त्या मानाने चाळीतील एका खोलीच्या आत कोणाचा हक्क कोणावर चालत होता, हा प्रश्न दुर्लक्षित राहिला आहे. मूळ भाडेकरू मालकाला भाडे देई आणि त्याच खोलीत अथवा तिच्या एका भागात दुसऱ्यास ठेवून त्याच्याकडून पैसे घेई. हा दुसरा म्हणजे पोटभाडेकरू. दोघांचे जमेनासे झाल्यावर हा संबंध न्याय्य रीतीने आणि कायद्याच्या चौकटीत कसा संपवावयाचा, हा प्रश्न प्रस्तुत लेखाचा विषय आहे. कायद्याने मालक आणि अंतिम रहिवासी या दोघांचा विचार केला. मधल्या माणसाला मात्र न्यायालयाची पायरी चढणे धोक्याचे करून ठेवले, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

गोव्याहून आलेल्या खलाशांच्या व नोकरदारांच्या धोबीतलाव परिसरातील 'कूड' या व्यवस्थेचा येथे अपवाद करावा लागेल. तेथे राहणारा गावाच्या क्लबचा सभासद असे, कोणा एकाचा पोटभाडेकरू नसे.

१९४७ चा कायदा आणि मधला माणूस :

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ नुसार, करारात मनाई नसेल तर भाडेकरूस पोटभाडेकरू ठेवता येत असे. महिन्याच्या भाडेपट्ट्यास कलम १०६ खाली पंधरा दिवसांची नोटीस पुरेशी होती. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, मुंबईत भाडेवाढीवर पहिले निर्बंध आले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते पुन्हा लागू झाले. १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा १३ फेब्रुवारी १९४८ पासून अमलात आला आणि चित्र पालटले. प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधले गेले. कलम १५ ने नवे पोटभाडे बेकायदा ठरविले आणि कलम १३(१)(ई) नुसार ते मूळ भाडेकरूच्याच निष्कासनाचे कारण झाले.

या तरतुदींचा एकत्रित परिणाम लक्षात घेण्यासारखा आहे. जोडीदार त्रासदायक निघाला म्हणून मूळ भाडेकरू दावा लावू लागला, तर दाव्याच्या पहिल्याच परिच्छेदात 'मी यास माझ्या खोलीत पैसे घेऊन ठेवले' असे त्याला लिहून द्यावे लागे. हे वाक्य म्हणजे मालकाच्या हातात दिलेला पुरावाच होय. हुकूमनामा झाला तर दोघेही रस्त्यावर येत. म्हणूनच पोटभाडेकरू हा मालकाच्या मेहत्यासमोर वर्षानुवर्षे 'भाचा' किंवा 'गाववाला' म्हणून वावरत राहिला. भाडे हातोहात दिले जाई. पावतीचा प्रश्नच नव्हता.

सदर कायद्यातील 'मालक' या शब्दाच्या व्याख्येत, आपल्या पोटभाडेकरूपुरता मूळ भाडेकरूही समाविष्ट होता. अर्थात कायदेशीर पोटभाडेकरूचे पाणी किंवा वीज तोडल्यास कलम २४ चा बडगा मूळ भाडेकरूवरच येई. उपद्रव हे निष्कासनाचे कारण कलम १३(१)(सी) मध्ये होते खरे, परंतु तो उपद्रव शेजारच्या रहिवाशांना झालेला असावा लागे. एकाच खोलीतील रात्रीची भांडणे, थकलेले पैसे, न घासलेली भांडी यांना त्या कलमात जागा नव्हती.

कायदेशीर होण्याच्या तीन तारखा :

शासनाने वेळोवेळी वस्तुस्थितीपुढे मान तुकविली. १९५९ च्या अध्यादेशाने व त्यानंतरच्या अधिनियमाने २१ मे १९५९ पूर्वीचे पोटभाडेकरू अधिकृत झाले. कलम १४ अन्वये, मूळ भाडेकरूचा हक्क संपला तरी असा पोटभाडेकरू थेट मालकाचा भाडेकरू मानला जाई. यानंतर 'लीव्ह अँड लायसन्स'चे पेव फुटले. पोटभाडे निषिद्ध, परंतु परवाना निषिद्ध नाही, अशी ती पळवाट होती. भाडे की परवाना हे कागदाच्या शीर्षकावरून नव्हे, तर व्यवहाराच्या आशयावरून ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध आर. एन. कपूर (१९५९) या प्रकरणात स्पष्ट केले. एकट्याचा ताबा हा त्यात महत्त्वाचा निकष ठरला.

१९७३ च्या दुरुस्तीने कलम १५अ आणले. १ फेब्रुवारी १९७३ रोजी परवान्यावर राहणारा इसम भाडेकरू मानला गेला. मात्र त्याच्या ताब्यातील जागा 'एका खोलीपेक्षा कमी' असता कामा नये, आणि घरात राहणारा पेइंग गेस्ट यातून वगळलेला होता. खोलीचा कोपरा आणि खोली यांतील हे अंतर मोजणारी तरतूद प्रस्तुत लेखकाला साऱ्या कायद्यात सर्वांत मानवी आणि त्याच वेळी सर्वांत निष्ठुर वाटते. भिंत असलेला राहिला, पडदा असलेला गेला. पुढे १९८७ मध्ये १ फेब्रुवारी १९७३ पूर्वीच्या पोटभाडेकरूंनाही संरक्षण मिळाले. दुसऱ्याला जागा दिली की ती कायमची जाते, ही धास्ती मुंबईकराच्या मनात बसली ती या तारखांमुळे. अकरा महिन्यांचा करार हा तिचाच वारसा. अर्थात वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यास लागणारी नोंदणी टाळणे, हेही त्यामागील कारण होतेच.

तासिका तत्त्वावर शिकविण्याच्या काळात प्रस्तुत लेखकही एका सहकाऱ्याच्या नावावरील खोलीत निम्म्या भाड्याने राहिला आहे. कागद नव्हता. बिनसल्यावर आठवड्याच्या तोंडी मुदतीत निघावे लागले. अनामत रक्कम हप्त्याहप्त्याने आली. आपल्या वाचकांपैकी अनेकांना हा अनुभव नवा नसावा.

१९९९ नंतर :

महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. कलम ५५ ने करार लेखी व नोंदणीकृत असणे अनिवार्य केले. मुदत अकरा महिन्यांची असली तरी त्यातून सुटका नाही. कलम २४ ने परवान्याची मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करण्याची सुटसुटीत वाट दिली आणि जागा न सोडणाऱ्यास शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई लावली. कलम २६ नुसार पोटभाडे व परवाना दोन्ही निषिद्ध आहेत, परंतु मालकाशी तसा करार असल्यास ती मनाई लागू नाही. म्हणजे मालकाची लेखी संमती आधी घेणे हाच पाया होय. त्यावर नोंदणीकृत करार, मुदत संपविण्याची लेखी नोटीस आणि सामान हलविण्यास वाजवी वेळ या गोष्टी येतात. शेवटची बाब औदार्याची नाही. परवाना रद्द झाल्यावर वाजवी वेळ मिळणे हा १८८२ च्या ईझमेंट कायद्याच्या कलम ६३ ने दिलेला हक्क आहे. कुलूप बदलणे हा मार्ग तर नाहीच. स्थिर ताब्यात असलेल्या इसमास, त्याचा हक्क संपला असला तरी, कायद्याच्या मार्गानेच हटविता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने कृष्णा राम महाले विरुद्ध शोभा वेंकट राव (१९८९) या निकालात सांगितले आहे.

तथापि कलम २४ च्या स्पष्टीकरणात एक छोटे वाक्य आहे : त्या कलमापुरता 'मालक' या संज्ञेत, जागा परवान्यावर देणारा भाडेकरू किंवा पोटभाडेकरू येत नाही. सक्षम प्राधिकाऱ्याची वाट त्याला बंद आहे. त्याने लघुवाद न्यायालयात कलम ४१ खाली नेहमीचा दावा लावावयाचा. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमातील परवानाधारकात मोफत राहणाऱ्याचाही समावेश केल्याने ते दार थोडे रुंद झाले. परंतु मालकाची संमती नसेल, तर त्या दाव्यातही पहिल्या परिच्छेदात तेच वाक्य लिहावे लागते. आणि त्याची प्रत मालकाच्या हाती पडली की कलम १६ खालील दुसरा दावा दाखल होऊ शकतो. त्यात प्रतिवादी मूळ भाडेकरूच असतो.