छोट्या हेलिकॉप्टरची जुळणी आणि खोडदची दुर्बीण

१/ यात्रेतल्या दुकानात विजेवर उडणारे छोटे हेलिकॉप्टर मिळते. अनेकदा त्याच्या पात्यांच्या वर, टोकांना वजने लावलेली एक आडवी दांडी असते. ती शोभेची वाटते. पण त्या दांडीमागे मोठा इतिहास आहे. आणि हे यंत्र जुन्नर-आंबेगाव परिसरात उडवायचे असेल, तर आणखी एका इतिहासाची दखल घ्यावी लागते. #थ्रेड

२/ वर्ष १८९८. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निकोला टेस्ला यांनी एक लहान नौका बिनतारी लहरींनी चालवून दाखवली. रेडिओ-नियंत्रणाचा हा आरंभ. त्या काळी रेडिओलहरी निर्माण करण्याचे प्रमुख साधन होते विद्युत ठिणगी. ही ठिणगी पुढे पुन्हा भेटेल.

३/ आकाशात मात्र अडचण निराळी होती. फिरत्या पात्यांचे यंत्र पुढे जाऊ लागले की एका बाजूच्या पात्याला वारा अधिक लागे, उचल वाढे आणि यंत्र कलंडे. स्पेनच्या हुआन दे ला सिएर्व्हा यांनी पाती बिजागरीवर बसवली. १९२३ मध्ये त्यांचे ऑटोजायरो उडाले.

४/ पात्यांची ही काळजी आजही जुळणीत प्रथम येते. दोन्ही पाती एकाच प्रतलात फिरली पाहिजेत. बाजूने पाहताना दोन वेगळ्या कडा दिसल्या, तर एका पात्याचा कोन किंचित बदलावा लागतो. अन्यथा यंत्र थरथरते.

५/ आता ती दांडी. अमेरिकेत आर्थर यंग यांनी १९२८ पासून सुमारे १२ वर्षे छोट्या प्रतिकृतींवर प्रयोग केले. विजेच्या मोटरीवर चालणारी त्यांची प्रतिकृती दुरून नियंत्रित होत असे. पात्यांना जोडलेली वजनदार दांडी भोवऱ्याप्रमाणे आपले प्रतल टिकवून धरते आणि यंत्राला स्थिर ठेवते, हे त्यांनी सिद्ध केले.

६/ १९४१ मध्ये ती प्रतिकृती बेल कंपनीत उडवून दाखवण्यात आली. तिच्यातूनच ‘बेल ४७’ घडले आणि ८ मार्च १९४६ रोजी अमेरिकेत नागरी वापराचे प्रमाणपत्र मिळवणारे ते पहिले हेलिकॉप्टर ठरले. म्हणजे येथे आधी छोटे विद्युत यंत्र उडाले, मोठे नंतर!

७/ १९७० च्या सुमारास जर्मनीच्या डीटर श्ल्युटर यांनी रेडिओ-नियंत्रित हेलिकॉप्टर छंदिष्टांच्या आवाक्यात आणले. त्यानंतर शेपटी सांभाळणारा जायरो आला. जुळणीचे नियम मात्र साधेच आहेत: गुरुत्वमध्य मुख्य दांड्याखाली यावा, म्हणून बॅटरी मागे-पुढे सरकवावी, आधी हातातला ट्रान्समीटर चालू करावा, मग यंत्राची बॅटरी जोडावी, बंद करताना क्रम उलटा.

८/ राहिली जागा. नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी आहे: ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, सुमारे २५ किलोमीटर परिसरात विखुरलेल्या. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. हा परिसर निवडण्याचे एक प्रमुख कारण म्हणजे येथे मानवनिर्मित रेडिओ-गोंगाट कमी होता.

९/ या शांततेचे मोल केवढे? सुमारे ८.८ अब्ज वर्षांपूर्वी एका आकाशगंगेतील हायड्रोजनमधून निघालेली क्षीण लहर याच दुर्बिणीने टिपली. तो शोध २०२३ मध्ये जाहीर झाला.

१०/ आणि येथे ती ठिणगी परतते. स्वस्त मोटरीतील ब्रशवर बारीक ठिणग्या उडतात आणि त्यांचा गोंगाट विस्तृत पट्ट्यात पसरतो. जीएमआरटी सुमारे ५० ते १४५० मेगाहर्ट्झ ऐकते. जुन्या ट्रान्समीटरचे ७२ मेगाहर्ट्झ याच टापूत येतात. आजचे २.४ गिगाहर्ट्झ त्याबाहेर आहेत, पण मोटरीची ठिणगी हा भेद जाणत नाही.

११/ म्हणून मित्रांनो, हेलिकॉप्टर जरूर उडवा, पण अँटेनांपासून दूर आणि नियम पाहून. पाती, तोल आणि जायरो जुळले तरी जागा चुकली, तर जुळणी अपुरीच. ज्या ठिणगीने रेडिओयुग सुरू झाले, तिच्यापासूनच आज खोडदला विश्वाचा आवाज जपावा लागतो.