बिझनेस क्लास आधी काय होता?

आजची गोष्ट माझ्या मावशीच्या गुडघ्यांपासून सुरू होते. लेकाने अमेरिकेहून तिचं तिकीट काढलं आणि फोनवर सांगितलं, "आई, प्रीमियमचं काढलंय, आरामात झोपून ये." मावशी विमानात बसली. खुर्ची ऐसपैस होती, पाय ठेवायला आधारही होता, पण पलंग काही होईना. पंधरा तास तिने बसूनच काढले. लेकाने साध्या तिकिटाच्या जवळजवळ दुप्पट पैसे मोजले होते. चूक नक्की कुणाची, हे दोघांनाही कळेना.

मला विचाराल तर घोळ नावांचा आहे, आणि तो पन्नासेक वर्षं जुना आहे.

सत्तरच्या दशकात चला. तेव्हा बहुतेक विमानांत वर्ग दोनच, फर्स्ट आणि इकॉनॉमी. १९७० मध्ये बोईंग ७४७ आलं. एवढं अवाढव्य विमान भरायचं कसं? मग कंपन्यांनी सवलतीची तिकिटं काढली. आधी बुक करा, ठरल्या तारखेलाच परत या, स्वस्तात जा. १९७७ मध्ये फ्रेडी लेकर यांनी लंडन-न्यूयॉर्क 'स्कायट्रेन' ५९ पौंडांत सुरू केली. आता गंमत बघा. कामासाठी आयत्या वेळी निघणारा माणूस इकॉनॉमीचं पूर्ण भाडं भरायचा, आणि शेजारी, अगदी तश्शाच खुर्चीत, त्याहून कितीतरी कमी पैशांत आलेला पर्यटक बसायचा. चिडणारच ना तो!

त्याची समजूत काढायला केएलएमने १९७६ मध्ये पूर्ण भाडं भरणाऱ्यांना इकॉनॉमीच्याच पुढच्या भागात वेगळं बसवायला सुरुवात केली. १९७८ मध्ये पॅन अ‍ॅमने 'क्लिपर क्लास' काढला, ब्रिटिश एअरवेजने 'क्लब'. सुरुवातीला खुर्ची साधारण इकॉनॉमीचीच. जास्तीचं काय, तर पुढची जागा, थोडी सरबराई आणि जमलंच तर शेजारची सीट रिकामी. युनायटेड आणि टीडब्ल्यूएने असाच प्रयोग केला, तर स्वस्तातले प्रवासी भडकले. आमच्या सोयी काढून त्यांना देताय होय?

म्हणजे बिझनेस क्लास जन्मला तेव्हा तो आजच्या प्रीमियम इकॉनॉमीसारखा होता. खरं तर त्याहून थोडा कमीच. युरोपातल्या छोट्या फेऱ्यांवर आजही पुष्कळदा तेच चालतं. इकॉनॉमीची खुर्ची, मधली सीट मोकळी, आणि नाव बिझनेस.

लांबच्या मार्गांवर मात्र चढाओढ लागली. खुर्च्या रुंदावल्या, पाठी मागे झुकू लागल्या. बिझनेस वर सरकला तशी खालची पायरी मोकळी झाली. १९९२ च्या सुमारास ती तैवानच्या इव्हा एअरने आणि व्हर्जिन अटलांटिकने भरली. व्हर्जिनने नाव ठेवलं 'मिड क्लास'. इतकं सरळ नाव नंतर टिकलं नाही, ते 'प्रीमियम' झालं! (आपल्या रेल्वेतला जुना इंटर क्लास ज्यांनी पाहिला असेल, त्यांना हे ओळखीचं वाटेल.) पुढे २००० मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या क्लब वर्ल्डमध्ये खुर्चीचा सपाट पलंग झाला, आणि दोन वर्गांतलं अंतर एकदम वाढलं.

आपल्याकडे २०१५ मध्ये विस्ताराने देशांतर्गत विमानांत प्रीमियम इकॉनॉमी आणली. एअर इंडियाच्या २०२४ मध्ये सेवेत आलेल्या ए३५० विमानांत २८ बिझनेस, २४ प्रीमियम इकॉनॉमी आणि २६४ इकॉनॉमी खुर्च्या आहेत. पलंग होतो तो फक्त त्या २८ चा.

मावशीने परतीच्या वेळी लेकाला एवढंच विचारलं, "नाव राहू दे रे, खुर्ची आडवी होते का ते बघ आधी."