ऊतिसंवर्धित रोपांचे प्रकाश-दृढीकरण

प्रयोगशाळेतील बाटलीत वाढलेले रोप टप्प्याटप्प्याने उन्हाला सरावण्याची प्रक्रिया. व्यवहारात ‘हार्डनिंग’ हाच शब्द रूढ आहे.

कारणे : संवर्धनकक्षात रोपांना साधारण २,००० ते ३,००० लक्स प्रकाश रोज १६ तास मिळतो, उन्हाळ्यातील भर दुपारचे ऊन १ लाख लक्सच्या घरात जाते. बाटलीतील माध्यमात साखर (सामान्यतः लिटरला ३० ग्रॅम) असल्याने रोपाला स्वतःचे अन्न फारसे तयार करावे लागत नाही. हवा दमट असल्याने पानांवर मेणाचा थर पातळ राहतो आणि पर्णरंध्रे नीट मिटत नाहीत. असे रोप एकदम उघड्यावर आणले, तर पाण्याचा ऱ्हास आणि प्रकाशाचा मारा एकाच वेळी होतो. पान आधी फिकट पडते, मग कडेने करपते. मर नेमकी कशामुळे होते, प्रखर उजेडाने की कोरड्या हवेने, हे शेतात वेगळे काढणे अवघड असते.

केळी : महाराष्ट्रात, विशेषतः जळगाव जिल्ह्यात, ‘ग्रँड नैन’ जातीची रोपे ऊतिसंवर्धनाने मोठ्या प्रमाणावर तयार होतात. बाटलीतून काढलेल्या रोपाच्या मुळांवरील अगर (बाटलीतील घट्ट माध्यम) धुऊन ते कोकोपीटच्या ट्रेमध्ये लावतात व दाट सावलीत, दमट बोगद्यात ठेवतात. मुळे धरली की पिशवीत घेऊन ५० टक्क्यांच्या शेडनेटखाली काही आठवडे वाढवतात आणि शेवटी सावली कमी करत नेतात. बाटलीतील पाने सहसा सुधारत नाहीत. रोप तगते ते नंतर फुटलेल्या पानांवर. कोवळ्या पानांवर दिसणारे तांबूस-जांभळे डाग या जातीत स्वाभाविक असून वाढीबरोबर ते नाहीसे होतात. शेतकरी पुष्कळदा ते रोग समजून फवारणी करतात.

शेतातील लागवड : मृगबागेत (जून-जुलै) ढगाळ हवेमुळे रोपे लवकर सावरतात. उन्हाळी लागवडीत रोपांवर क्रॉप कव्हर घालतात. लागवड संध्याकाळी करून लगेच पाणी देणे श्रेयस्कर.

ऊस : पद्धत सर्वसाधारणपणे वरीलप्रमाणेच.

निकष : लागवडयोग्य केळीच्या रोपाची उंची सुमारे ३० सेंमी. व पाने पाच ते सहा असावीत. केवळ उंच वाढलेले रोप बहुधा सावलीत लांबलेले असते.