रेडिओ, शाहिरी आणि एक दशक

१९५० ते १९६० या दशकाला इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात राज्यपुनर्रचना, पंचवार्षिक योजना आणि सार्वत्रिक निवडणुका एवढेच मथळे मिळतात. त्या काळात माणसे काय ऐकत होती, काय गुणगुणत होती, याची नोंद ठेवण्याची पद्धत आपल्याकडे नाही. वास्तविक आपल्या सीमाभागाच्या आयुष्यात त्या दशकाने जी उलथापालथ केली, तिचा माग सरकारी अहवालांपेक्षा गाण्यांतूनच अधिक स्पष्ट लागतो, असे माझे मत आहे.

धारवाडचे आकाशवाणी केंद्र १९५० मध्ये सुरू झाले, पुण्याचे १९५३ मध्ये. ही दोन्ही गावे तेव्हा एकाच मुंबई राज्यात होती, हे आजच्या विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगावे लागते. रेडिओ म्हणजे तापायला वेळ घेणारी व्हॉल्व्हची लाकडी पेटी. तिचा परवाना टपाल कचेरीतून काढायचा आणि दरवर्षी नूतनही करायचा. गल्लीत एकाच घरी रेडिओ असे आणि ऐकायला सारी गल्ली जमे. त्या गर्दीत मराठी किती आणि कानडी किती, याची मोजदाद कोणी करत नसे.

१९५२ मध्ये केंद्रात नभोवाणी खाते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे आले. गृहस्थ मराठी, विद्वान आणि संगीताचे जाणकार. सिनेमाची गाणी लोकांची अभिरुची बिघडवतात, असा त्यांचा ठाम ग्रह होता. त्यांनी या गाण्यांवर निर्बंध घातले, निर्मात्यांशी बेबनाव झाला आणि आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ नाहीसे झाले. लोकांनी काय केले? सुई फिरवली आणि रेडिओ सिलोन लावले. त्याच वर्षअखेरीस तिथे अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. पुढची कहाणी सर्वांना ठाऊक आहे. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सरकारलाच ‘विविध भारती’ काढावी लागली. मुलांवर वाचनाची सक्ती करणाऱ्या आम्हा शिक्षकमंडळींना या प्रकरणातून घेण्यासारखे बरेच आहे.

परंतु केसकरांची नुसती थट्टा करून चालणार नाही. सिनेमाची गाणी नकोत, तर लोकांना दुसरे काय द्यायचे, हा प्रश्न आकाशवाणीपुढे उभा राहिला आणि त्यातून सुगम संगीताला मोठे बळ मिळाले. ‘गीतरामायण’ हे त्याच हवेत वाढलेले झाड आहे. पुणे केंद्रावरील सीताकांत लाड यांनी कल्पना मांडली, ग. दि. माडगूळकरांनी गीते लिहिली, सुधीर फडके यांनी चाली दिल्या. कवी आणि संगीतकार दोघेही १९१९ चे, म्हणजे तेव्हा जेमतेम पस्तिशीतले! १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पहिले गीत प्रसारित झाले. आठवड्याला एक नवे गीत, असा वर्षभराचा संकल्प होता; मध्ये अधिक मास आला आणि गीतांची संख्या ५६ वर गेली. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर अशा गायकांचे आवाज त्याला लाभले. रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून लोक ऐकायला बसत, असे जुनी माणसे सांगतात. कीर्तनकाराच्या पायाशी बसून ऐकायची कथा यंत्रातून ऐकतानाही श्रोत्यांनी आपली जुनी रीत सोडली नाही.

आता याच वर्षाचे दुसरे पान पाहावे. ३० सप्टेंबर १९५५ रोजी राज्य पुनर्रचना आयोगाने अहवाल दिला. नोव्हेंबरात मुंबईत गोळीबार झाला, जानेवारी १९५६ मध्ये तर रस्त्यावर रक्ताचा सडा पडला. १७ जानेवारी हा दिवस बेळगावात आजही हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो. म्हणजे रेडिओवर रामाचा वनवास चालू होता आणि बाहेर मराठी माणूस लाठ्यागोळ्या खात होता. रेडिओ सरकारी; त्यावर चळवळीच्या गाण्याला जागा मिळणे शक्यच नव्हते. ते गाणे मैदानातून आले, डफ आणि तुणतुण्यावर.

या गाण्यात मला सर्वांत मोठी वाटते ती अण्णाभाऊ साठे यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड. अमर शेखांच्या पहाडी आवाजाने ती घराघरांत नेली. (शाहीर अमर शेख मूळचे बार्शीचे मेहबूब पटेल, मराठीपण जातिधर्मात शोधणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.) पोटासाठी मुंबईला गेलेला गडी गावी राहिलेल्या बायकोच्या आठवणीने व्याकुळ होतो, इथून ती सुरू होते. लावणीतला जुनाच विरह आहे असे वाटते न वाटते तोच शाहीर वळण घेतो: मुंबईतल्या गड्याची जी गत, तीच बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव तुटलेल्या महाराष्ट्राची! राजकीय मागणीला संसारातल्या दुःखाची भाषा देणे हे काम शंभर ठरावांनी झाले नसते. विशेष म्हणजे या विरहात परभाषकाचा द्वेष नाही, ताटातूट तेवढी आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. कचेरीची, शाळेची, फलकांची भाषा यांवरून पुढे जे झाले ते घरोघर माहीत आहे, त्यावर इथे लिहीत नाही. गाण्याच्या बाबतीत मात्र ही फाळणी कधीच पुरी झाली नाही. धारवाडकडचे गायक मराठी नाट्यपदे गातच राहिले. गीतरामायणाचे अनेक भाषांत अनुवाद झाले, त्यांत कन्नडही आहे. चाली बाबूजींच्याच ठेवून ते गाता येते, कारण शब्द त्या सुरांत बेतून बसवले आहेत.

१९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांचे संगीत आणि शाहीर साबळे यांचा आवाज असे ‘गर्जा महाराष्ट्र माझा’ त्या उत्सवाचे गाणे ठरले. तेव्हा बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार या राज्याबाहेर राहून साडेतीन वर्षे होऊन गेली होती. त्या गीताला महाराष्ट्र शासनाने राज्यगीताचा दर्जा दिला तो २०२३ मध्ये. आमच्या इकडच्या मराठी घरांतून ते त्याच्या कितीतरी आधीपासून पाठ होते.